जुन्या फाइलवरच नवीन सेव्ह झालं, आता कुणाला न सांगता आकडे भरून टाकू का?

पत्र थोडक्यात असं आहे. एका छोट्या ऑफिसात साठ्याची नोंद ठेवणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. वर्षभराची आवक, जावक आणि प्रत्येक महिन्याची अखेरची शिल्लक त्या एका एक्सेल फाइलमध्ये ठेवतात. नवीन वर्षाची फाइल करायची म्हणून त्यांनी गेल्या वर्षाचीच फाइल उघडली, आकडे पुसले, मथळे आणि फॉर्म्युले तसेच ठेवले आणि सवयीने कंट्रोल-एस दाबून फाइल बंद केली. सेव्ह अ‍ॅज करायचं राहून गेलं. दोन दिवसांनी गेल्या वर्षाचा एक आकडा बघायला गेल्या तर काहीच नाही. त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी सगळे गेले की त्या आठवेल तसं आणि सापडतील त्या बिलांवरून त्याच फाइलमध्ये आकडे भरतायत. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. त्या विचारतात, "मुकाट्याने भरून टाकू का सांगून टाकू? इतकी निष्काळजी मी कधीच नव्हते. यापुढे फाइलला पासवर्ड लावणार आणि तो फक्त माझ्याकडे ठेवणार." जाता जाता दोन गोष्टी त्यांनी लिहिल्यात, की फाइल कधी कधी घरच्या लॅपटॉपवरून पण उघडते, आणि दर तीन महिन्यांनी साहेबांना मेलने जाते.

ताई, पुढचं वाचायच्या आधी एक करा. त्या फाइलमध्ये आजपासून एकही आकडा टाकू नका. आठवडाभरात जेवढं भरलंय ते वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, तुमची मेहनत वाया घालवायची नाहीये, पण मूळ फाइलला आता हात लावायचा नाही. का ते खाली येईलच, पण आधी हे करा.

तुमच्या पत्रात तुम्ही सगळ्यात जास्त जागा स्वतःला बोल लावण्यात घालवलीये आणि ज्या दोन ओळी खरंच कामाच्या आहेत त्या शेवटी, सहज म्हणून लिहिल्यात. मला त्या दोन ओळी वाचून एकदम हायसं वाटलं. दर तीन महिन्यांनी फाइल मेलने जाते असं तुम्ही म्हणता, म्हणजे तिसरी तिमाही संपल्यावर जो मेल गेला त्यात पहिल्या नऊ महिन्यांची पूर्ण फाइल अटॅच आहे. तुमच्या सेंट फोल्डरमध्ये बघा, तिथे नसेल तर साहेबांच्या इनबॉक्समध्ये नक्की असणार. बारापैकी नऊ महिने असे बसल्या जागी परत मिळतात आणि तुम्ही मात्र आठवडाभर तेच नऊ महिने आठवून आठवून भरत बसलात. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये. घाबरलेलं माणूस जिथे वस्तू हरवली तिथेच शोधत राहतं, ती आणखी कुठे कुठे जाऊन आली होती हे त्याला सुचत नाही. फाइल गेली म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ही फाइल आजवर कुणाकुणाला पाठवली. मेल, चॅटवर पाठवलेलं डॉक्युमेंट, पेन ड्राइव्हवर कधीतरी टाकलेली कॉपी, कुणी प्रिंटसाठी काढलेली पीडीएफ, यातलं काहीही चालतं.

आता दुसरी ओळ, घरच्या लॅपटॉपवरून उघडते. कशी उघडता ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. पेन ड्राइव्हवरून नेत असाल तर घरी लॅपटॉपवर किंवा त्या पेन ड्राइव्हवर जुनी कॉपी पडून असण्याची बरीच शक्यता आहे, ती आधी बघा. आणि फाइल वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स असल्या कुठल्या फोल्डरमध्ये असेल, म्हणून दोन्हीकडे दिसत असेल, तर तुमचे उरलेले तीन महिने पण बहुतेक परत मिळतील, कारण या सगळ्यांकडे फाइलची मागची रूपं जपलेली असतात. आपण सेव्ह केलं म्हणजे जुनं पुसलं गेलं असं आपण धरून चालतो. स्वतःच्या कॉम्प्युटरपुरतं ते बरंचसं खरं आहे, पण क्लाउडवर नवीन रूप जुन्याच्या पुढे रांगेत उभं राहतं आणि जुनं मागे तसंच असतं.

फक्त ती रांग कायमची नसते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात शेवटची 25 व्हर्जन्स, म्हणजे फाइलची मागची रूपं, मिळतात, ऑफिसच्या खात्यात यापेक्षा बरीच जास्त ठेवता येतात. गुगल ड्राइव्हवर टाकलेली एक्सेल फाइल असेल तर जुनी व्हर्जन्स 30 दिवसांनी किंवा 100 व्हर्जन्स झाली की निघून जायला लागतात, एखादं कायम ठेवायचं असेल तर तशी खूण करावी लागते. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यात 30 दिवस. म्हणून म्हटलं फाइलला हात लावू नका. तुम्ही रोज संध्याकाळी आकडे भरून जे सेव्ह करता ना, त्यातून नवीन व्हर्जन्स पुढे येत राहतात आणि तुमची चांगली, भरलेली फाइल मागे मागे ढकलली जाते, एक दिवस ती रांगेतून बाहेर पडेल. चूक झाली तेव्हा फाइल गेली नव्हती, पण नंतरच्या दुरुस्तीत ती खरंच जाऊ शकते.

बघायचं कसं, तर वनड्राइव्हवरची फाइल एक्सेलमध्ये उघडून फाइल, मग इन्फो, तिथे व्हर्जन हिस्टरी असतं. ब्राउझरमधून वनड्राइव्हवर जाऊन फाइलवर राइट क्लिक केलं तरी मिळतं. गुगल ड्राइव्हवर एक्सेल फाइलसाठी राइट क्लिक करून मॅनेज व्हर्जन्स शोधा. तारीख आणि वेळ लिहिलेली असते, ज्या दिवशी आकडे पुसले त्याच्या आदल्या दिवसाचं व्हर्जन उघडा. आणि इथे घाई करून रिस्टोअर दाबू नका बरं का. आधी ते जुनं व्हर्जन नवीन नावाने वेगळं सेव्ह करा किंवा डाउनलोड करा, उघडून दोन-चार महिने चाळून बघा की हेच पाहिजे होतं, आणि मग पुढचं. रिस्टोअर केल्याने सहसा काही बिघडत नाही, पण आत्ता तुमचा हात थरथरतोय आणि अशा वेळी मूळ जागेवर काहीच न करणं बरं.

क्लाउड नसेल, फाइल नुसती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर किंवा नेटवर्कवरच्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये असेल, तर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स हा टॅब बघा. तिथे काही दिसेलच असं नाही. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी किंवा रिस्टोअर पॉइंट आधीपासून चालू असेल तरच दिसतं आणि पुष्कळ ठिकाणी ते कुणी चालूच केलेलं नसतं. मॅकवर टाइम मशीन ही बॅकअपची सोय चालू असेल तर काम सोपं आहे, गेल्या 24 तासांचं दर तासाचं, महिनाभराचं रोजचं आणि त्याआधीचं आठवड्याचं असं जपलेलं असतं, डिस्क भरेपर्यंत. आणि ऑफिसच्या सर्व्हरचा बॅकअप घेणारं कुणी असेल तर त्यांना विचारा. पण हे विचारायचं म्हणजे कुणालातरी सांगायला लागणार, आणि तुम्ही नेमकं तेच टाळताय. सर्व्हरचे बॅकअप पण ठरावीक दिवस ठेवतात आणि मग त्यावर नवीन घेतात, म्हणजे गप्प राहिलेला प्रत्येक दिवस तुमच्याच विरुद्ध मोजला जातोय. याच्याकडे परत येते.

पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायचा विचार मनात आला असेल, बहुतेकांना येतो, म्हणून त्याबद्दल पण सांगते. एक्सेल सेव्ह करताना आहे त्याच फाइलवर सरळ लिहीत नाही, आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये सगळं लिहितं, मग जुनी फाइल काढतं आणि तात्पुरतीला तिचं नाव देतं. म्हणजे तुमची जुनी फाइल एका अर्थी डिलीट झालेली असते, आणि डिलीट झालेली फाइल जुन्या पद्धतीच्या, फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत शाबूत राहू शकते. पण आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क असते आणि तिथे रिकामी झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते, त्यामुळे आशा फार कमी, त्यात तुमचा कॉम्प्युटर त्यानंतर आठवडाभर वापरात आहे. करायचंच झालं तर ज्या डिस्कवर फाइल होती तिच्यावर ते सॉफ्टवेअर टाकायचं नाही आणि सापडलेलं पण तिच्यावर सेव्ह करायचं नाही. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरी फुकट मिळतं, कमांड टाइप करून चालवावं लागतं, कुणाची मदत घ्या. माझ्या मते हा शेवटचा उपाय, मेल आणि व्हर्जन हिस्टरी दोन्हीकडे काही नाही मिळालं तरच.

ऑटोरिकव्हरबद्दल पण लोक सांगतील तुम्हाला. ते दुसऱ्याच दुखण्यावरचं औषध आहे. कॉम्प्युटर अचानक बंद पडला, किंवा सेव्ह न करता फाइल बंद झाली, तर एक्सेल दर 10 मिनिटांनी टिपून ठेवलेलं परत देतं. तुम्ही स्वतः सेव्ह करून नीट बंद केलंत, त्यामुळे एक्सेलच्या दृष्टीने सगळं ठीकच झालं.

आणि जे वाचक हे वाचताना मनात म्हणतायत की माझी फाइल तर आत्ता समोर उघडी आहे, त्यांच्यासाठी, सेव्ह झालं तरी फाइल बंद करू नका. एक्सेलमध्ये सेव्ह केल्यावरसुद्धा कंट्रोल-झेड चालतं, 100 पायऱ्यांपर्यंत मागे जाता येतं, पण फाइल बंद केली की ते सगळं संपलं. मॅक्रो (एक्सेलमधली आपोआप चालणारी कामांची मालिका) चालवला तरी बहुतेक वेळा संपतं. मागे जा, जुने आकडे दिसले की ताबडतोब सेव्ह अ‍ॅज करून वेगळं नाव द्या.

आता ताई, तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे.

तुम्ही म्हणता मी निष्काळजी. मला तसं दिसत नाही. वर्षानुवर्षं तुम्ही एकच पद्धत वापरताय, जुनी फाइल उघडायची, पुसायची, नवीन नावाने सेव्ह करायची. या पद्धतीत मधला एक क्षण असा आहे की जेव्हा पूर्ण वर्ष फक्त तुमच्या आठवणीवर टांगलेलं असतं, की सेव्ह नाही, सेव्ह अ‍ॅज दाबायचंय. आणि कंट्रोल-एस दाबायची सवय तर आपण मुद्दाम लावून घेतलेली असते, काम जाऊ नये म्हणून. चांगल्या सवयीनेच घात केला म्हणा. अशा पद्धतीत कधी ना कधी कुणाचंही बोट चुकणारच, आणि "यापुढे मी सावध राहीन" असं ठरवलंत तर पुढच्या वर्षी तोच क्षण परत तसाच येणार आहे, फक्त तुम्ही जास्त घाबरलेल्या असाल. फाइल क्लाउडवर असेल आणि वरच्या कोपऱ्यात ऑटोसेव्ह चालू असेल तर तेवढा क्षण पण मिळत नाही, आकडे पुसता पुसताच सेव्ह होत जातं.

पासवर्डचं पण तसंच. पासवर्ड दुसऱ्याला थांबवतो. इथे फाइल उघडणाऱ्या तुम्हीच होतात, पासवर्ड तुम्हालाच माहीत असता, तुम्ही तो टाकून फाइल उघडली असती आणि पुढे हेच झालं असतं. उलट फाइल उघडायला लावलेला पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टसुद्धा तो परत काढून देत नाही, आणि तुम्ही आजारी पडलात तर ऑफिसचं काम अडेल. भीतीपोटी फाइल छातीशी धरून बसायचं तुमच्या मनात येतंय हे कळतं मला, पण फाइल एकाच माणसाकडे आणि एकाच जागी असणं हाच तर धोका आहे. तुम्ही ती मेल करत होतात म्हणून नऊ महिने वाचले.

आणि आठवणीतून भरणं. याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय, रागावू नका. बिलांवरून भरलेला आकडा आणि आठवणीतून भरलेला आकडा सेलमध्ये अगदी सारखाच दिसतो. आज तुम्हाला माहितीये कुठला खरा आणि कुठला अंदाजाचा, तीन महिन्यांनी तुम्हालाही नाही सांगता येणार, आणि साहेबांना तर कधीच नाही. उद्या साठा मोजताना फरक आला तर तो माल खरंच कमी आहे का आकडा अंदाजाने टाकलेला होता हे कुणालाच कळणार नाही, आणि संशय कुणावर तरी जाईल, कदाचित जो माणूस माल ठेवतो त्याच्यावर. फाइल पुसली जाणं ही चूक आहे, आणि चूक सांगितली की तिथे संपते. गुपचूप भरलेले अंदाजाचे आकडे मात्र फाइलमध्ये राहतात आणि पुढच्या प्रत्येक महिन्याच्या शिलकीत मिसळत जातात.

म्हणून जे तीन महिने खरंच मिळाले नाहीत (मिळतील अशी मला आशा आहे) ते नव्याने उभे करायचे तर उघडपणे करा. वेगळी फाइल घ्या, प्रत्येक ओळीपुढे एक कॉलम वाढवा आणि त्यात आकडा कुठून आला ते लिहा, बिल नंबर, चलन, मेल, मोजणी, आणि काहीच नसेल तर "अंदाज" असं स्पष्ट, तो सेल रंगवून ठेवा. साठ्याच्या नोंदीत एक सोय असते, या महिन्याची अखेरची शिल्लक हीच पुढच्या महिन्याची सुरुवातीची, आणि सुरुवातीच्या शिलकीत आवक मिळवून जावक वजा केली की अखेरची यायलाच पाहिजे. नवव्या महिन्याची अखेर तुम्हाला मेलमधल्या फाइलमध्ये मिळेल, बाराव्याची अखेर नवीन वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही लिहिली असेलच. दोन्ही टोकं पक्की असली की मधले तीन महिने बिलांवरून बसवता येतात, आणि जिथे जुळत नाही तिथे नेमकं काय राहिलंय तेही दिसतं. आठवडाभर एकटीने जे जमलं नाही ते असं दोन दिवसांत होईल.

साहेबांना सांगायचंच, आणि उद्याच, पण रडत जाऊ नका. आज मेलमधली फाइल काढून ठेवा, व्हर्जन हिस्टरी बघून घ्या, मग जा. साधं बोला, "गेल्या वर्षाच्या फाइलवर माझ्याकडून नवीन वर्षाची फाइल सेव्ह झाली. नऊ महिने मेलमधून मिळालेत, राहिलेल्या तीनसाठी बॅकअप बघायचाय, त्यासाठी मदत लागेल. आठवडाभर मी आकडे भरायचा प्रयत्न केला, ते वेगळे ठेवलेत, वापरलेले नाहीत. पुढे असं होऊ नये म्हणून हे करायचं ठरवलंय." आठवडा का थांबलात असं विचारतील, कदाचित चिडतीलही. घाबरले होते म्हणून सांगा, खरं तेच आहे. साहेब कसे आहेत मला माहीत नाही आणि काही ठिकाणी चूक कबूल करणं महागात पडतं हे मी नाकारत नाही, पण तुमच्या बाबतीत न सांगता बॅकअपपर्यंत पोचताच येत नाहीये आणि ती मुदत संपत चाललीये.

"हे करायचं ठरवलंय" मध्ये काय सांगायचं, तर सगळ्यात महत्त्वाचं एकच. रिकामा नमुना वेगळा करा. मथळे आणि फॉर्म्युले असलेली, आकडे नसलेली फाइल एकदा तयार करायची आणि सेव्ह अ‍ॅज करताना फाइलचा प्रकार एक्सेल टेम्प्लेट निवडायचा. मग तिच्यावर डबल क्लिक केलं की दर वेळी नवीन, बिननावाची कॉपी उघडते आणि कंट्रोल-एस दाबलंत तरी एक्सेल आधी नाव विचारतं. तुमचं बोट जिथे चुकलं तो क्षणच यात राहत नाही. टेम्प्लेट नको वाटलं तर निदान क्रम बदला, आधी फोल्डरमध्ये फाइलची कॉपी करायची, नाव बदलायचं, आणि त्यानंतरच ती उघडायची. उघडून मग सेव्ह अ‍ॅज, हे बंद.

संपलेल्या वर्षाची फाइल रीड-ओन्ली करून ठेवा, प्रॉपर्टीजमध्ये एक टिक आहे, म्हणजे त्याच नावाने सेव्ह करायला गेलं तर एक्सेल अडवतं. सेव्ह अ‍ॅजच्या खिडकीत टूल्स, जनरल ऑप्शन्समध्ये ऑलवेज क्रिएट बॅकअप म्हणून पण एक टिक असते, ती केली की दर सेव्हला आधीची प्रत शेजारी राहते. पण फक्त एकच पायरी मागची, दोनदा सेव्ह केलं की ती पण बदलली, म्हणून तिच्यावर विसंबून राहू नका. लिब्रेऑफिसमध्ये पण अशीच सोय आहे आणि तिची मर्यादा पण हीच. चालू फाइलची महिन्याच्या शेवटी एक कॉपी काढायची, नावात तारीख आधी वर्ष मग महिना मग दिवस अशी लिहायची, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमाने लागतात. आणि या कॉपीज सगळ्या त्याच कॉम्प्युटरवर नकोत. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. त्याने फोटोंसाठी सांगितला पण तुमच्या आकड्यांनाही तेवढाच लागू पडतो. क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं मात्र समजू नका, क्लाउड तुमची चूक पण तितक्याच तत्परतेने सगळ्या कॉम्प्युटरवर पोचवतं, तिथे वाचवतात ती जुनी व्हर्जन्स आणि ती किती दिवस राहतात ते वर लिहिलंच आहे.

जे लोक गुगल शीट्समध्ये चार-पाच जण मिळून काम करतात त्यांच्यासाठी थोडंसं. तिथे फाइल, व्हर्जन हिस्टरीमध्ये आत्ताच्या व्हर्जनला नाव देता येतं, महिना बंद झाला की द्या, एका फाइलमध्ये अशी 15 नावं देता येतात. एखाद्या सेलवर राइट क्लिक करून शो एडिट हिस्टरी केलं की तो कुणी कधी बदलला ते दिसतं. आणि सगळ्यांनी फिल्टर व्ह्यू वापरा, त्यात केलेलं सॉर्ट-फिल्टर फक्त बघण्यापुरतं असतं, मूळ शीट हलत नाही, कारण पुसलेलं निदान लगेच दिसतं, पण एकच कॉलम निवडून कुणी सॉर्ट केलं आणि बाकीचे कॉलम जागच्या जागी राहिले तर आकडे सगळे असतात, फक्त चुकीच्या नावापुढे, आणि हे कळायला महिने जातात. सीएसव्ही, म्हणजे नुसता स्वल्पविरामांनी वेगळा केलेला मजकूर ठेवणारी फाइल, तिचं पण लक्षात ठेवा, एक्सेलमधून सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की फक्त समोरची एक शीट जाते, बाकीच्या शीट्स आणि फॉर्म्युले जातच नाहीत, म्हणून सीएसव्ही काढायची तर कॉपीतून काढा.

ताई, आज रात्री एवढंच करा, सेंट फोल्डर उघडा आणि तिसऱ्या तिमाहीचा तो मेल शोधा. अटॅचमेंट डाउनलोड करून नाव बदलून ठेवा, उघडा, नवव्या महिन्याची अखेरची शिल्लक दिसतेय का बघा. ती दिसली की झोपा, बाकीचं उद्या साहेबांशी बोलल्यावर.